तिसरं शिंग

२९ एप्रिल २०१९ची सकाळ. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही सात जणी एकाच लॅपटॉपवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग बघत होतो. खिडकीला चादर लावलेली, ब्राइटनेस होता तेवढा वाढवलेला, तरी कोण कोणाला मारतंय ते कळेना. पुढे कित्येक दिवस सगळे त्या अंधारावरच भांडत होते. मला मात्र त्या फौजेची योजना अजून खुपते.

आठवून बघा. दोथ्राकी घोडदळ पेटत्या तलवारी घेऊन काळोखात घुसतं आणि बघता बघता त्या ज्वाळा विझून जातात. दगडफेकीची यंत्रं पायदळाच्याही पुढे, उघड्यावर. आगीचा खंदक फौजेच्या पाठीमागे. आणि शत्रू मेलेल्यांना उठवतो हे ठाऊक असताना बायकामुलं लपवली कुठे, तर पूर्वजांच्या थडग्यांत!

कोणी म्हणेल, अनोळखी शत्रूशी पहिली मोठी गाठ, फजिती व्हायचीच. पण हा शत्रू पुरता अनोळखी नव्हता. २०१५च्या ‘हार्डहोम’ भागात नाइट किंग नुसते हात वर करतो आणि नुकतेच मेलेले उठून उभे राहतात. जॉन स्नो ते होडीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. दोन्ही भागांचा दिग्दर्शकही एकच, मिगेल सापोच्निक. म्हणजे माहिती हाताशी होती, योजनेत उतरली नाही. अज्ञानामुळे झालेला पराभव चटका लावतो. माहीत असून केलेल्या चुकीचा नुसता राग येतो.

सरंजामी फौजा असं वागतात, हे खरंच आहे. पण त्यामागे कारण असतं. १३९६मध्ये डॅन्यूबकाठी निकोपोलिसला युरोपातल्या सरदारांची फौज उस्मानी तुर्कांसमोर उभी राहिली. हंगेरीचा राजा सिगिस्मुंड तुर्कांशी आधी लढला होता. त्याचं म्हणणं होतं, फ्रेंच सरदारांनी मागे थांबावं. त्यांना आघाडीचा मान हवा होता, ते पुढे गेले आणि हलक्या घोडदळामागे रोवलेल्या टोकदार खुंटांवर जाऊन आदळले. पुढे कोण, हा तिथे डावपेचाचा प्रश्न राहिलाच नव्हता. तो मानपानाचा झाला होता.

विंटरफेलला तर दोथ्राकी, अनसलीड, उत्तरेचे सरदार, व्हेलचे सरदार आणि वाइल्डलिंग्ज एकत्र जमलेले. आदल्या भागात सगळे नकाशाभोवती उभे राहतात, पण आघाडी कोणाची यावरून कोणाचाच अहंकार दुखावत नाही. तिथे एक कडकडून भांडण झालं असतं, तर दोथ्राकींचं मरण समजलं तरी असतं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०००च्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये हेच काम फार नेमकं केलंय. नाइट्स वॉच ही सरंजामी फौज नव्हे, पण तिचा प्रमुख मोरमाँट सरदार घराण्यातला, जुन्या वळणाचा. तो टेकडीवरच्या जुन्या दगडी तटाआड तळ देतो. वाइल्डलिंग्जसाठी ही योजना चोख आहे, पण येतात भलतेच. शिवाय त्याच रात्री त्याची काही माणसं त्याला मारून पळायच्या बेतात आहेत. शिंगाचे संकेत ठरलेले: एक वाजलं तर आपली माणसं परत आली, दोन म्हणजे वाइल्डलिंग्ज, तीन म्हणजे ‘अदर्स’. तिसरं शिंग हजारो वर्षांत वाजलेलं नाही, तरी प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक आहे. ते वाजतं, प्रकरण संपतं आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

लढाई आपल्याला दिसते ती नंतर, सॅमच्या आठवणींतून. डोमकावळ्यांच्या पायाला चिठ्ठी बांधून बातमी पोचवायची, एवढंच त्याचं काम. गोंधळात कावळे सुटतात, पण चिठ्ठीशिवाय.

पहिल्या नोकरीत एका रात्री तीनला माझा फोन वाजला. सर्व्हर बंद पडल्याचा अलर्ट होता, आत मजकूर काहीच नाही. तो अलर्ट मीच लिहिलेला. माहीत असलेल्या चार बिघाडांसाठी चार व्यवस्थित संदेश, आणि यांपैकी काहीच नसेल तर रिकामी जागा. बिघाड सापडेपर्यंत उजाडलं. तोवर मला सॅमच आठवत होता.

अनोळखी शत्रूशी पहिली गाठ रंगवणारं काही वाचलं, पाहिलं, की आता मी दोनच गोष्टी शोधते. ही योजना कोणत्या ओळखीच्या शत्रूसाठी केली होती? आणि ती फसल्यावर बातमी घेऊन कोण निघालं? ‘द लाँग नाइट’कडे पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसरा प्रश्न त्याला पडतच नाही. मार्टिनच्या पुस्तकात रिकाम्या पायांचे ते कावळे भिंतीपाशी पोचतात, आणि तेवढ्यावरून तिथल्या माणसांना काय झालं असेल याची धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर सगळ्यांत आधी मी त्या रिकाम्या जागी एक ओळ लिहिली: ‘काय झालंय माहीत नाही, पण शेवटचं हे दिसलं.’