कुणी घालवले नाही, तरीही गेले : एम. जी. वासनजी यांच्या दोन कादंबऱ्यांतील अनिश्चित नागरिकत्व आणि स्थलांतराचा निर्णय

सारांश : पूर्व आफ्रिकेतील आशियाई समाजाच्या स्थलांतराचा विचार करताना अभ्यासकांसमोर सामान्यतः युगांडातील 1972 ची हकालपट्टी असते. केनिया व टांझानिया येथील आशियाई लोकांना मात्र कोणत्याही फर्मानाने देशाबाहेर काढले गेले नव्हते. वास्तव्याचा हक्क अनिश्चित झाल्यामुळे त्यांतील अनेकांनी स्वतः देश सोडला. एम. जी. वासनजी यांच्या 'नो न्यू लँड' (1991) व 'द इन-बिट्वीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' (2003) या कादंबऱ्यांत हा निर्णय कसा चित्रित झाला आहे, त्याची सामर्थ्ये व मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : स्थलांतर, नागरिकत्व, पूर्व आफ्रिकी आशियाई, वासनजी, निवड.

1. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गात वासनजींची कादंबरी शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांना कुणी हाकललेच नाही, तर हे गेले कशाला?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला त्या तासाला नीट देता आले नाही. 'डायस्पोरा', 'मुळांचा शोध', 'विस्थापन' हे आपल्या समीक्षेतील नेहमीचे शब्द मी वापरले आणि तास संपला. नंतर लक्षात आले की या शब्दांनी त्या प्रश्नाला बगलच दिली होती. विस्थापन म्हटले की कुणीतरी विस्थापित केले असे गृहीत धरले जाते. मुळांचा शोध म्हटले की जाण्यापूर्वीचा क्षण मागे पडतो आणि गेल्यानंतरची हुरहूर तेवढी उरते. प्रश्न मात्र जाण्यापूर्वीच्या क्षणाचा होता. ज्याला कुणी जा म्हटलेले नाही, पण राहा असेही कुणी निश्चितपणे म्हणत नाही, तो माणूस निर्णय कसा घेतो? त्या निर्णयाला 'स्वेच्छा' म्हणावे काय? या प्रश्नाच्या अनुषंगाने वासनजींच्या दोन कादंबऱ्यांकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वासनजी यांचा जन्म 1950 साली नैरोबीत झाला व बालपण दार-एस-सलाममध्ये गेले. अमेरिकेत अणुभौतिकीचे उच्च शिक्षण घेऊन 1978 मध्ये ते कॅनडात गेले. कॅनडातील गिलर पुरस्कार त्यांना 1994 व 2003 असा दोनदा मिळाला. त्यांपैकी दुसरा 'विक्रम लाल'साठी होता.

2. कायद्याची पार्श्वभूमी

या कादंबऱ्या समजून घेण्यासाठी तत्कालीन कायद्यांची माहिती आवश्यक ठरते. केनिया 12 डिसेंबर 1963 रोजी स्वतंत्र झाला. केनियात जन्मलेल्या आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी एकाचा जन्म तेथेच झाला होता अशांना नागरिकत्व आपोआप मिळाले. इतरांना नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत होती. दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्यामुळे नोंदणी करायची तर ब्रिटिश नागरिकत्व सोडणे भाग होते. अनेक आशियाई कुटुंबे थांबून राहिली. काही कुटुंबांत एका भावाने केनियाचे नागरिकत्व घ्यावे व दुसऱ्याने ब्रिटिश पासपोर्ट ठेवावा अशी विभागणी झाली. व्यापारी माणूस सगळा माल एका गोदामात ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार होता. आफ्रिकी राजकारणात मात्र याचा अर्थ निष्ठेचा अभाव असा लावला गेला आणि ज्यांनी नागरिकत्व घेतले त्यांनाही 'कागदी नागरिक' म्हटले जाऊ लागले.

1967 मध्ये केनियाने दोन कायदे केले. नागरिक नसलेल्यांना नोकरीसाठी परवाना आवश्यक झाला आणि त्यांच्या व्यापारावर ठिकाण व वस्तू यांची बंधने आली. कुणालाही देश सोडण्याचा आदेश नव्हता. परवान्याचे नूतनीकरण होईल की नाही, एवढेच कुणी सांगू शकत नव्हते. ब्रिटिश पासपोर्ट असलेले लोक विमानाने लंडन गाठू लागले. तेव्हा ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत नवा कायदा संमत केला. स्वतः, आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणाचाही जन्म ब्रिटनमध्ये झाला नसेल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनही प्रवेशाचा हक्क राहिला नाही. 1 मार्च 1968 पासून हा कायदा अमलात आला व कुटुंबप्रमुखांसाठी वर्षाला 1,500 परवान्यांची मर्यादा ठरली. युरोपीय मानवी हक्क आयोगाने 1973 मध्ये या वंशभेदाची गणना मानहानीकारक वागणुकीत केली. 1962 च्या जनगणनेत केनियातील आशियाई लोकसंख्या सुमारे 1 लाख 76 हजार होती. 1969 मध्ये ती सुमारे 1 लाख 39 हजारांवर आली.

टांझानियात 1967 च्या अरुषा घोषणेनंतर राष्ट्रीयीकरणाचे धोरण आले आणि 1971 मध्ये एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. पण अशा इमारतींचे मालक बहुतांशी आशियाई होते. त्याच सुमारास, 1967 पासून, कॅनडाने वंशाऐवजी शिक्षण व कौशल्य यांच्या गुणांवर प्रवेश देण्यास प्रारंभ केला होता. एक दार किलकिले होत असताना दुसरे उघडले, असा हा कालखंड होता.

3. 'नो न्यू लँड' : गेलेल्यांची कथा

या कादंबरीचा नायक नुरदीन लालानी दार-एस-सलाममधील चपलाबुटांच्या दुकानातील विक्रेता. पत्नी झेरा, मुले फातिमा व हनीफ यांच्यासह तो टोरांटोतील डॉन मिल्स भागातील एका उंच इमारतीत येऊन राहतो. तेथे त्याला जागोजागी एकच उत्तर मिळते : तुमच्याकडे 'कॅनडातील अनुभव' नाही. अनुभव मिळण्यासाठी नोकरी हवी आणि नोकरी मिळण्यासाठी अनुभव हवा. विनोदाच्या अंगाने आलेला हा प्रसंग आपल्याकडील बेकार पदवीधरालाही परका वाटू नये.

वासनजींचे वेगळेपण असे की, नुरदीन कोणत्याही अर्थाने वीर वा बळी नाही. देश सोडण्याचा निर्णय त्याने विचारपूर्वक घेतला असे म्हणता येत नाही आणि तो त्याच्यावर लादला गेला असेही म्हणता येत नाही. सभोवतालचे लोक निघू लागतात. कुणाची इमारत गेलेली असते, कुणाचा भाऊ आधीच पोहोचलेला असतो. अशा समाजात एकेक कुटुंब निघून गेले की मागे राहणाऱ्याची अनिश्चितता आपोआप वाढते, कारण दुकानाचे गिऱ्हाईक, मशिदीतील सोबत, मुलीसाठीचे स्थळ हे सारे त्याच समाजात असते. निर्णय एकट्याचा दिसतो. प्रत्यक्षात तो समूहाच्या हालचालीतून घडलेला असतो. स्थलांतराच्या समीक्षेत 'व्यक्ती विरुद्ध राज्यसंस्था' अशी जी मांडणी नेहमी केली जाते, ती येथे अपुरी पडते.

नुरदीनवर एका मुलीच्या विनयभंगाचा खोटा आरोप येतो, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. आरोप खोटा असला तरी मनात आलेल्या वासनेची त्याला जाणीव आहे. भिंतीवरील हाजी लालानी या वडिलांचे छायाचित्र त्याच्याकडे रोखून पाहत असते. देश बदलला तरी ती नजर बदललेली नाही. शीर्षकातील 'नवी भूमी नाही' या उद्गाराचा अर्थ येथे उलगडतो. कायद्याच्या दृष्टीने तो आता सुरक्षित आहे, पण सुरक्षिततेमुळे माणूस आपोआप निर्भय होत नाही. अनिश्चित दर्जाची सवय हाडीमाशी मुरलेली असते. पोलीस, वकील, शेजारी या सर्वांसमोर तो अजूनही परवान्याच्या रांगेतच उभा असल्यासारखा वागतो. कादंबरीतील सर्वांत मोलाचे निरीक्षण माझ्या मते हेच होय.

4. 'विक्रम लाल' : राहिलेल्यांची कथा

दुसऱ्या कादंबरीचा निवेदक विक्रम लाल हा रेल्वे बांधण्यासाठी आलेल्या पंजाबी मजुराचा नातू. नाकुरू गावात 1953 साली, माऊ माऊ उठावाच्या काळात, त्याची बहीण दीपा, किकुयू मित्र न्जोरोगे आणि बिल व ॲनी ही इंग्रज भावंडे एकत्र खेळतात. पुढे त्या इंग्रज कुटुंबाची हत्या होते. ॲनीची आठवण विक्रमला आयुष्यभर सोडत नाही. स्वातंत्र्यानंतर तो सरकारी नोकरीत शिरतो आणि हळूहळू सत्ताधाऱ्यांच्या पैशांचा मध्यस्थ बनतो. कादंबरी सुरू होते तेव्हा तो कॅनडात ओंटारिओ सरोवराकाठी लपून राहिला आहे व देशातील अत्यंत भ्रष्ट माणसांत आपली गणना होते हे तो स्वतःच सांगतो.

लाल कुटुंब केनियात राहिले. हा देश आपला मानणाऱ्यांपैकी ते होते. तरीही 'येथले' म्हणून त्यांचा स्वीकार पूर्णपणे होत नाही, आणि त्याचा दोष केवळ आफ्रिकी राज्यकर्त्यांकडे जात नाही. दीपा व न्जोरोगे यांचे प्रेम आईला मान्य होत नाही आणि दीपाचा विवाह दिलीपशी होतो. ज्या घराला या भूमीत राहावयाचे आहे, त्या घराला या भूमीतील जावई नको आहे. नागरिकत्व कागदावर हवे पण पंगतीत नको, हा अंतर्विरोध वासनजींनी कोणतेही भाष्य न करता दाखवला आहे. रोटीबेटी व्यवहाराचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आशियाई समाजाची असुरक्षितता खरी होती. परंतु ती काही अंशी त्याने स्वतःच जपलेल्या कुंपणातून आली होती, हे कादंबरी प्रामाणिकपणे मान्य करते.

5. मर्यादा

येथे या कादंबरीविषयीचा माझा मुख्य आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. विक्रमच्या भ्रष्टाचाराचे स्पष्टीकरण कादंबरी त्याच्या 'मधल्या' स्थानातून देते. तो ना गोरा ना काळा. कुणाच्याच बाजूचा नसल्यामुळे सर्वांना उपयोगी पडणारा. मध्यस्थाची ही समाजशास्त्रीय जागा खरी आहे. पण तिच्या आधारे नैतिक जबाबदारी सौम्य होते काय? असुरक्षित दर्जाचे लाखभर लोक त्याच परिस्थितीत दुकाने चालवीत होते, शाळांत शिकवीत होते, कचेऱ्यांत कारकुनी करीत होते. त्यांनी राज्याची तिजोरी लुटली नाही.

याहून गंभीर बाब अशी की, विक्रमचे कॅनडाला जाणे आणि नुरदीनचे कॅनडाला जाणे यांतील फरक ही कादंबरी पुसट करते. नुरदीन अनिश्चिततेपासून दूर जातो, तर विक्रम चौकशीपासून. एकाला आपला हक्क काय हे माहीत नाही; दुसऱ्याला आपला गुन्हा काय हे पक्के माहीत आहे. सरोवराकाठचा एकांत, आठवणी, न्जोरोगेच्या मुलाचे भेटीला येणे यांतून विक्रमभोवती निर्वासिताचे करुण वलय तयार होते. 'होमकमिंग' या अखेरच्या भागात तो नैरोबीला परततो, तेथे लेखकाने हा तोल सावरण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु तोपर्यंत वाचकाची सहानुभूती त्याने मिळवलेली असते. ज्यांच्या वास्तव्याला खरोखर धोका होता, त्यांची कैफियत अशा माणसाच्या तोंडून येणे हे त्या लोकांवर काहीसे अन्यायकारक आहे.

दुसरी मर्यादा स्त्रियांविषयीची. जाण्याराहण्याचा निर्णय पुरुषाच्या नावे नोंदला जातो. ब्रिटिश परवानाही कुटुंबप्रमुखालाच होता. दीपा व झेरा या ठसठशीत व्यक्तिरेखा आहेत, तथापि आपल्या जाण्याविषयी त्यांना काय वाटते हे आपल्याला मुख्यत्वे विक्रमच्या व नुरदीनच्या नजरेतून कळते.

6. गोमंतकीय संदर्भ

या विषयाचा एक धागा आपल्या भूमीशी जोडलेला आहे. पूर्व आफ्रिकेतील आशियाई समाजात गोमंतकीयांची संख्या लक्षणीय होती. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज प्रजाजन म्हणून तेथे राहणाऱ्या गोमंतकीयांपुढे आपण नेमके कोणत्या देशाचे हा प्रश्न केनियाच्या स्वातंत्र्याआधीच उभा राहिला. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून संसदेत पोहोचले आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी त्यांची हत्या झाली. मनापासून राहू इच्छिणाऱ्याचेही काय होऊ शकते, याचे हे उदाहरण समाजासमोर होते. युगांडात जन्मलेले गोमंतकीय वंशाचे लेखक पीटर नाझरेथ यांची 'इन अ ब्राऊन मँटल' ही कादंबरी 1972 मध्ये, म्हणजे हकालपट्टीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. दामिबिया या कल्पित देशात घडणाऱ्या या कादंबरीचा निवेदक गोमंतकीय आहे. वासनजींच्या जोडीने नाझरेथ वाचले गेले, तर या अनुभवाचे आपल्या जवळचे रूप विद्यार्थ्यांपुढे येईल.

7. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

1) हकालपट्टी व स्वेच्छा यांच्या दरम्यान एक विस्तृत प्रदेश आहे. माणसाला न काढता त्याचे राहणे अशाश्वत करणे ही राज्यसंस्थेची स्वतंत्र रीत असून, तिच्यात निर्णयाची जबाबदारी जाणाऱ्यावरच पडते.

2) 'नो न्यू लँड' ही कादंबरी हा प्रदेश अधिक खरेपणाने दाखवते. 'विक्रम लाल'चा पट मोठा असला तरी तिने अनिश्चितता व अपराध यांची सरमिसळ केली आहे.

3) अशा साहित्याच्या अध्यापनात कायद्यांचे वाचन हा पार्श्वभूमीचा नव्हे, तर संहितेच्या अर्थाचा भाग मानला पाहिजे.

केनियाने 2017 मध्ये आशियाई समाजाला देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. ज्यांनी राहण्याचा निर्णय घेतला त्यांच्या वंशजांना अर्धशतकानंतर मिळालेले हे उत्तर आहे. दुसरीकडे, जुलै 2023 मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-1बी व्हिसाधारकांसाठी 10,000 कामाचे परवाने खुले केले, तेव्हा ते दोन दिवसांच्या आत संपले. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असलेल्यांत भारतीय सर्वाधिक आहेत आणि त्यांत आपल्या महाविद्यालयांतून शिकून गेलेली मुलेही आहेत. त्यांनाही कुणी जा म्हटलेले नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आता एवढे उत्तर देता येईल : त्यांना कुणी हाकलले नाही, म्हणूनच त्यांना स्वतः ठरवावे लागले, आणि ठरवल्याचा दोषही त्यांच्याच माथी आला. त्या दोषाची शहानिशा साहित्याने करावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. नुरदीन लालानीच्या बाबतीत वासनजींनी ती पूर्ण केली आहे.