आठ मिलिमीटर

बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे सोन्याची एक तालियातेल्ले आहे. तालियातेल्ले म्हणजे अंडं आणि मैद्याची पोळी लाटून, गुंडाळून, सुरीने कापलेल्या लांब चपट्या पट्ट्या. १६ एप्रिल १९७२ रोजी तिचं माप तिथे रीतसर नोंदवलं गेलं : शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. मनोरा ९७.२ मीटरचा. मी फोनवर भागाकार करून पाहिला. उत्तर आलं ७.९२. आधी आठ ठरवले आणि मग त्यांना शोभेलसा मनोरा शोधला, हे उघड आहे. मी सॉफ्टवेअरवाला. काम संपल्यावर मागाहून लिहिलेलं स्पेसिफिकेशन मला लांबूनच ओळखू येतं.

२०२४च्या वसंतात म्युनिकहून गाडी पकडून मी तीन दिवस बोलोन्याला गेलो, ते बघायला आणि खायला. बघण्याची सुरुवात फसली. आसिनेल्लीशेजारचा गारीसेंडा मनोरा धोकादायक कलल्यामुळे ऑक्टोबर २०२३पासून तो परिसर बंद होता. ज्या मनोऱ्याने शेवया मोजायच्या त्यावर चढताच येत नव्हतं. मग मागच्या बाजारगल्ल्यांतल्या एका छोट्या खानावळीत बसलो आणि तालियातेल्ले अल रागू मागवलं. जगभर ज्याला 'बोलोन्येज' म्हणतात ते हेच, फक्त इथे ते स्पॅगेटीवर घालत नाहीत. मोजपट्टी नव्हती, म्हणून करंगळीच्या नखाशी ताडून पाहिलं. कुठे नखाएवढी पट्टी, कुठे दीडपट. हाताने कापलेली होती. चव विलक्षण होती. मंद आचेवर तासन् तास शिजलेलं मांस, टोमॅटो जेमतेम, आणि लसणाचा पत्ताच नाही.

या रागूचीही कृती नोंदवलेली आहे. इटालियन पाककला अकादमीने ती १७ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याच चेंबरमध्ये दाखल केली. मी या कागदांकडे पाककृती म्हणून नव्हे, संहिता म्हणून पाहू लागलो, आणि त्यांच्यातली गंमत दिसू लागली. पेल्लेग्रीनो आर्तूसीच्या १८९१च्या गाजलेल्या पाकपुस्तकात 'बोलोन्या पद्धतीची' मॅकरोनी आहे, पण तिच्यात टोमॅटो नाही. १९८२च्या कृतीत टोमॅटो आहे आणि दूधही आहे. २०२३ साली अकादमीने कृती सुधारून पुन्हा दाखल केली, तेव्हा दूध 'हवं तर' या सदरात गेलं. म्हणजे परंपरेचीही आवृत्ती निघते. फक्त बदलांची यादी कुणी मुखपृष्ठावर छापत नाही.

इटालियन खाद्यपरंपरेची ही हवा काढण्याचं काम पार्मा विद्यापीठातले इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी करतात. त्यांचं २०१८चं पुस्तक इटालियनमध्ये आहे. मी वाचली ती २०२३ साली फायनान्शियल टाइम्समध्ये आलेली त्यांची मुलाखत. तिरामिसू कालपरवाचं, कार्बोनाराचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शिध्यात, आणि 'शतकानुशतकांची' बरीचशी परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेली, असं त्यांचं म्हणणं. इटलीत त्यावर बराच गहजब झाला. मला मात्र ती वाचताना उकळ्या फुटत होत्या. दुसऱ्याच्या कोडमधला बग सापडल्याचा तो आनंद होता. खानावळीत बसून मी एका मित्राला लिहिलंही, 'सगळं बनावट आहे रे, पण चवदार आहे.'

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनवर लवकर गेलो. बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी नेमक्या त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात नवफॅसिस्टांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. ८५ माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. आत त्यांची नावं कोरलेला फलक आहे आणि भिंतीतली फट तशीच राखली आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

गाडीत बसल्यावर त्या घड्याळाविषयी वाचलं आणि चपापलो. स्फोटानंतर ते लवकरच दुरुस्त झालं होतं आणि पुढे सोळा वर्षं सुरळीत चाललं. १९९६ साली बंद पडलं, तेव्हा ते कायमचं १०:२५ वर ठेवायचं ठरलं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी बोलोन्यातल्या लोकांकडे चौकशी केली, तर घड्याळ थांबलेलं आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी बहुसंख्यांनी सांगितलं की ते १९८०पासून तसंच आहे. रोज त्याच्याखालून गाड्या पकडलेल्या शहराला ते चालताना आठवत नव्हतं.

ग्रांदींच्या तर्काने हेही बनावटच. पण मित्राला 'घड्याळ बनावट आहे रे' असं लिहायला माझा हात धजला नाही. तिथेच मला ग्रांदींच्या मांडणीतली उणीव जाणवली. परंपरेचा जन्मदाखला शोधणं हे इतिहासकाराचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण तारीख सापडली म्हणजे निकाल लागला, असं होत नाही. ती गोष्ट आज कुणासाठी काय करते, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्यासारखे वाचक तारखेवरच खूश होऊन पुस्तक मिटतात.

हा प्रश्न बोलोन्यात कागदावर राहिलेला नाही. तोर्तेलिनी ही इथली दुसरी मानाची गोष्ट. तिच्या सारणाची कृतीही १९७४ साली नोंदवलेली आहे आणि त्यात डुकराचं मांस आहे. २०१९ साली शहराचे संरक्षक संत पेत्रोनियो यांच्या सणाला, नेहमीच्या तोर्तेलिनींच्या जोडीला कोंबडीचं सारण भरलेलेही वाढायचं ठरलं. डुक्कर न खाणाऱ्यांनाही पंगतीला बसता यावं म्हणून. त्यांना 'स्वागताचे तोर्तेलिनी' म्हटलं गेलं. उजव्या पक्षाचे नेते मात्तेओ साल्विनी यांनी त्यावरून रान उठवलं : हा म्हणे आपला इतिहास, आपली संस्कृती पुसण्याचा डाव. कोंबडीची परात जोडीला आहे, डुकराची हटवून नाही, असा खुलासा आर्चबिशपांच्या कार्यालयाला करावा लागला.

हे वाचताना मला पुणं आठवलं. पहिल्या नोकरीच्या वेळी मी भाड्याने घर बघत होतो. सगळं पसंत पडलं, अनामत रक्कम ठरली, आणि घरमालक काकूंनी हसत विचारलं, "घरात मासेबिसे नाही ना करणार?" मी रत्नागिरीकडचा. खरं बोललो आणि घर गेलं. त्या काकूंचा स्वयंपाक किती जुना, कोणत्या शतकातला, हा मुद्दा तेव्हा नव्हताच. मुद्दा दाराचा होता.

याच बोलोन्यात १२८८ साली नियम झाला की नव्या घरांना पोर्तिको, म्हणजे कमानींची पडवी, असलीच पाहिजे. जागा मालकाची, देखभाल त्याची, पण वाट सगळ्यांची. आज शहरात अशा सुमारे ६२ किलोमीटर पडव्या आहेत आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तेव्हा छत्रीशिवाय मी अख्खं शहर हिंडलो. एकाही दाराने मी काय खातो हे विचारलं नाही. परंपरेची परीक्षा घ्यायची तर मला मनोऱ्यापेक्षा ही पडवी बरी मोजपट्टी वाटते. थांबलेलं घड्याळ तिच्यात बसतं, कोंबडीचे तोर्तेलिनीही बसतात. सोन्याची तालियातेल्लेही बसते, जोवर ती काचेच्या पेटीत आहे आणि कुणाच्या ताटावर पहारा देत नाही.

रात्री आजीला फोन केला. जेवण कसं होतं, म्हणाली. रागूचं वर्णन केलं. मांस कसलं हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्याही घराला अजून पुरती पडवी नाही, एवढं कबूल करायला हवं.

"मसाला कोणता घालतात?" तिने विचारलं.

"मसाला घालतच नाहीत, आजी. मीठ, मिरी. बस."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग इतक्या लांब कशाला गेलास रे?"