मॉरिशसच्या पंक्तीत

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी लहान वर्गांना शिकवणारा मॅट्रिक पास मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एका धंद्यात मी इतरांचे गुण कापतो, दुसऱ्यात इतर लोक माझे कापतात, आणि हिशेब बरोबरीत सुटतो. तरीही संपादकांनी ‘या खेपेला काही टीकात्मक द्या’ असे कळवले, तेव्हा मी लगेच होकार दिला. कारण माझ्याजवळ एक वही तयार होती. तिच्यात एकाही पुस्तकाचे परीक्षण नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मॉरिशस बेटावर आम्ही जे जे खाल्ले, त्याची ती नोंद होती, आणि प्रत्येक पदार्थापुढे शंभरापैकी गुण मांडले होते.

मास्तराला मॉरिशस कुठले परवडायला, असे वाचक म्हणतील. आमच्या सौ.नी कित्येक वर्षे भिशीत पैसे साठवले होते. त्यांतून ही सहल झाली. मुंबईहून सहा तासांचे विमान. बेट सारे मिळून सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही लहान. मध्ये उसाचे मळे आणि काळे डोंगर, कडेने पांढरी वाळू. पण वाळू खाता येत नाही. सुटीच्या दिवसांत माणसाला समुद्र दोन तास पुरतो. नंतर भूक लागते, आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते.

पहिल्या परीक्षेत हॉटेलच नापास झाले. त्याचे नाव सांगत नाही. अशी हॉटेले जगातल्या प्रत्येक उष्ण बेटावर एकाच साच्यातून काढलेली असावीत. दोन्ही वेळचे जेवण भाड्यातच होते. लांबच लांब टेबलावर चाळीस भांडी. एकात इटलीचे, एकात चीनचे, एकात ‘इंडियन करी’ नावाचे पिवळे काहीतरी, ज्याला हिंदुस्थानातल्या कोणत्याही गावाने आपले म्हटले नसते. चव वाईट नव्हती, हाच माझा आक्षेप. वाईट चवीलाही एखादे गाव असते. हे अन्न कोणालाच खटकू नये म्हणून शिजवलेले होते, आणि ते कोणाच्याच आठवणीतही राहिले नसते. मी पस्तीस गुण दिले, सौ. म्हणाल्या, “अहो, पैसे भरलेले आहेत म्हणून पास करताय.” दुसऱ्या दिवशी भरलेल्या पैशांवर पाणी सोडून आम्ही बस पकडली.

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती मंडईत शिरलो आणि नाकाला पहिल्यांदा कळले की आपण कुठेतरी आलो आहोत. कोथिंबीर, खारवलेली मासळी, अननस, तापलेला तवा. तिथल्या एका गाड्यापुढे रांग होती; कचेरीतला टाय लावलेला साहेब, हमाल, शाळकरी मुलगी, सगळे एका ओळीत. मिळत होती ती ‘ढोलपुरी’. नावातल्या ढोलावर जाऊ नका. ती आपली डाळच. चण्याची किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण गाळ होऊ द्यायची नाही. निथळून कोरडी वाटायची, भाजल्या जिऱ्याची पूड घालायची, मैद्याच्या पारीत भरून पातळ लाटायची आणि तेलाचा हात लावून तव्यावर भाजायची. डाळीचे जे पाणी उरते त्यात पुष्कळजणी पीठ भिजवतात. आपण त्याच पाण्याची कटाची आमटी करतो. वर मोठ्या पांढऱ्या कडधान्याची, म्हणजे पावट्याच्या थोरल्या भावंडांची उसळ, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि मिरचीची चटणी. दोन पुऱ्यांची जोडी कागदात गुंडाळून हातावर ठेवतात. उभ्याने, चटकन, गरम असतानाच खायची. दहा मिनिटे ठेवलीत तर ती चिवट होते आणि तुमची तक्रार ऐकायला कोणी थांबत नाही.

मी वहीत लिहिले : ‘गुळाला मुकलेली पुरणपोळी. ८२.’ त्या ओळीवर मी खूश होतो.

मग अशा ओळी सुचतच गेल्या. सकाळी पावात लोणी लावून मध्ये ‘गातो पिमां’ घालून देतात. शब्दशः मिरचीचा केक. पाहाल तर भिजवलेली डाळ भरड वाटून तळलेले लहान वडे. लिहिले : ‘पावाच्या आश्रयाला आलेला डाळवडा. ७८.’ दूध, सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे घातलेले थंडगार ‘आलुदा’ प्यायलो : ‘शेवया हरवलेला फालुदा, साखर फार. ६०.’ मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर यांत मुरवलेला तळलेला मासा, ‘विंदाय’, खाल्ला. त्याच्या नावामागचे मूळ पोर्तुगीज आहे, आणि त्याच मुळाचा गोव्यात विंदालू झाला. लिहिले : ‘विंदालूचा दूरचा चुलतभाऊ.’ मात्र गुण नव्वद द्यावे लागले, कारण दुसऱ्या दिवशीचा तो मुरलेला, थंड मासा भाताबरोबर खाताना सौ. आणि मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

चायनाटाऊनमध्ये मात्र माझी लेखणी अडली. तिथे रस्त्यावर वाफाळत्या पाण्यात ‘बुलेत’ मिळतात. मासळीचे, कोळंबीचे, आणि ‘शुशू’ नावाच्या हिरव्या फळभाजीचेही नरम गोळे, कढणासकट. चिनी व्यापाऱ्यांच्या वंशजांनी या बेटाला ते दिले. त्यांचा एक भात आहे : वाडग्यात आधी अंडे, त्यावर रस्सा आणि भाज्या, वर भात दाबायचा, आणि ताटात वाडगा उपडा करायचा. अंडे टोपीसारखे वर येते. त्याला आमच्याकडे कोणी भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. म्हणून वहीत नुसतेच ‘छान’ असे लिहिले गेले आणि मला ते कच्चे वाटले. तुलना नाही म्हणजे समीक्षा नाही, असे तेव्हा माझे मत होते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, तो सांगतो. रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून गेल्या शतकाच्याही आधी काही माणसे गिरमिटावर या बेटावर गेली. १८३४ पासून पुढे हिंदुस्थानातून एकंदर सुमारे साडेचार लाख मजूर तिथल्या बंदरात उतरले. बहुतेक बिहारकडचे, काही तामिळ-तेलुगू, आणि थोडे आपले. ज्या सोळा पायऱ्या चढून ती माणसे आत गेली, तो अप्रवासी घाट आजही आहे; २००६ साली त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान मिळाला. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते, आमच्याकडची जाखडी तिथे अजून नाचतात, आणि प्राथमिक शाळांतून मराठी शिकवले जाते. अशाच एका मराठी शिकवणाऱ्या गुरुजींची ओळख झाली आणि त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावले.

घरात सगळे क्रिओल बोलत होते. गुरुजी आमच्याशी बोलायचे ते पुस्तकातल्यासारखे मराठी, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. पानात भात, मसुरीची आमटी, खारवलेल्या मासळीची रुगाय, वाटलेली मिरची आणि एक पातळ पालेभाजी. सौ.नी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “शेवग्याचा पाला!” तोच तो, जो आपल्या कोकणात गोकुळाष्टमीला हटकून होतो. तिथे त्याला ‘ब्रेद मुरूम’ म्हणतात. पहिला शब्द फ्रेंच अमदानीतला, दुसरा तामिळ मुरुंगैवरून आलेला, आणि जेवणारे मूळ रत्नागिरीचे.

मला चेव आला. मी वही काढून माझ्या ओळी वाचून दाखवल्या. गुळाला मुकलेली पुरणपोळी, शेवया हरवलेला फालुदा. गुरुजी सभ्यपणे हसले. मग म्हणाले, “सर, भारतातून पाहुणे येतात ते आमच्यावर प्रेम करतात. परंतु प्रत्येक पाहुणा आम्ही काय हरवले एवढेच सांगून जातो.” थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली, “ढोलपुरीत गूळ कधीच नव्हता. ती भोजपुरी लोकांची आहे. आम्ही त्यांच्याकडून शिकलो.”

त्यांच्या म्हाताऱ्या आईला आमचे बोलणे कळत नव्हते. तिने माझ्या पानात आणखी भाजी वाढली.

परतीच्या बसमध्ये मी वही उघडली नाही. शाळेत मी हेच तर करतो. मुलाच्या निबंधात जे नाही त्याखाली लाल रेघ ओढतो, आणि जे आहे ते वाचायचे राहून जाते. माझ्या कादंबऱ्यांबद्दल टीकाकारांनी ‘अमक्यासारखी जमली नाही’ असे लिहिले तेव्हा मी दोन दोन रात्री तळमळलो आहे. आणि तीच काठी घेऊन मी एका अख्ख्या बेटाच्या पानावर बसलो होतो. ज्यांच्या पणज्यांना मळ्यावर मापाने तांदूळ-डाळ मिळत असे, त्यांनी शेजारच्या तामिळाकडून पाला घेतला, बिहाऱ्याकडून पुरी, फ्रेंचांकडून पाव, चिन्याकडून कढण. त्यात हरवण्यापेक्षा कमावणे अधिक होते. आणि ज्या उपड्या वाडग्यापुढे मी नुसते ‘छान’ लिहिले, ती माझ्या वहीतली एकमेव प्रामाणिक समीक्षा होती, कारण तिथे माझ्याजवळ आधीचे मोजमाप नव्हते. जेवलो होतो तेवढेच लिहिले.

तेव्हा गुण खोडून टाकले आहेत. तरी जाणाऱ्या वाचकांच्या उपयोगाचे दोन शब्द सांगतो. हॉटेलात सकाळचा चहा तेवढा घ्यावा. राजधानीतले खाणे दुपारचे. संध्याकाळी तो भाग लवकर ओस पडतो आणि ढोलपुरीचे गाडे त्याआधीच आवरतात. ती रोझ हिल गावातही उत्तम मिळते. सोमवारी असाल तर माहेबूरचा बाजार गाठावा. फ्लाकचा मोठा बाजार रविवारी. अननस मीठ-मिरची लावून मागावा. रांग जिथे आहे तिथे उभे राहावे, आणि रांगेत स्थानिक माणसे आहेत ना, एवढे पाहावे. समुद्र दिसणाऱ्या टेबलाचे पैसे समुद्रासाठी असतात, जेवणासाठी नव्हे.

निघण्याच्या आदल्या दिवशी दिवाळी होती. तिथेही ती सुटी असते, आणि फराळाची ताटे धर्म न विचारता शेजाऱ्यांकडे जातात. गुरुजींनी हॉटेलवर एक डबा पोचवला. आत ‘गातो पातात’ होते : उकडलेल्या रताळ्याच्या पारीत ओले खोबरे, साखर आणि वेलदोडा भरून, अर्धचंद्राकार मिटून तळलेले. सौ.नी एक हातात घेऊन फिरवून पाहिले आणि माझ्याकडे बघितले. माझ्या ओठांवर एक ओळ आलीच होती.

“काही म्हणू नका,” त्या म्हणाल्या, “खा आधी.”

मी खाल्ले. बाहेरून कुरकुरीत, आत रताळ्याचा मऊपणा आणि खोबऱ्याचा ओलावा. डबा संध्याकाळपर्यंत पुरला नाही. यंदा आमच्या फराळात ते करायचे ठरले आहे. रताळी आणून ठेवली आहेत. ताटात ते करंजीच्या शेजारी मांडू. नाव मात्र त्यांचे तेच राहील.