पाणी कुणाचं, जोखीम कुणाची? सोलापूरच्या शेतीविकासाची उलटतपासणी

पत्रिकेत आजचा विषय 'शेतीविकास आणि ग्रामीण दारिद्र्य' असा छापलाय. विषय फार मोठा आहे, म्हणून आम्ही तो आपल्या सोलापूर जिल्ह्यापुरताच घेणार आहोत. आपल्याकडे विकासाचं बोलणं निघालं की दोन आकडे हमखास सांगितले जातात. उजनी किती टक्के भरलं आणि कारखान्यांनी किती गाळप केलं. या दोन आकड्यांवरून जिल्ह्यातला गरीब माणूस सावरला की नाही, हे कळतं का? आमच्या मते कळत नाही. का कळत नाही, तेवढंच आज मांडायचं आहे.

आधी श्रेयाचं बोलू. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. अशा जिल्ह्यात १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण ६३ टीएमसी, मृतसाठा. या पाण्यावर पंढरपूर, माढा, मोहोळ, करमाळा या भागांत घरं उभी राहिली, पोरं शिकली, दवाखाने आले. माळशिरस तालुक्यात नीरेच्या कालव्यावर ऊस त्याच्याही आधीचा आहे. माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकातला. आज जिल्ह्यात तिसाच्या वर कारखाने आहेत. हे सगळं खोटं आहे असं कुणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही.

पण याच आकड्यांवरून शहरातली माणसं एक सोपा निष्कर्ष काढतात. 'दुष्काळी जिल्ह्यात ऊस लावतात, मग पाणी कसं पुरेल? शेतकऱ्यांनाच अक्कल नाही.' १९९९ साली चितळे आयोगानेही तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घाला असं सांगितलं होतं. आयोगाचं म्हणणं पाण्याच्या हिशोबाने बरोबरच होतं. मग शेतकऱ्याने ते ऐकलं का नाही?

उत्तर शेतकऱ्याच्या वहीत आहे. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे, एफआरपी. तोडणी झाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. पैसे थकतात हे खरं, पण थकले तर मागायला दार आहे. ऊस दिसला की सोसायटी पीककर्ज देते. तोडायला टोळी येते, न्यायला ट्रॅक्टर येतो. गारपिटीत, अवकाळीत ऊस सहसा पूर्ण जात नाही. म्हणजे बघा, भाव, कर्ज, मजूर, वाहतूक आणि गिऱ्हाईक या पाचही गोष्टी बांधून दिलेलं हे एकच पीक आहे. आमच्या लेखी ऊस हा सरकारने उतरवलेला विमा आहे. फक्त त्याचा हप्ता पाण्यात भरावा लागतो. ज्याच्याकडे पाणी, त्यालाच पॉलिसी.

आता ज्याच्याकडे पाणी नाही त्याचं बघू. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिच्यावरची मालदांडी ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण, आठ-नऊ दशकं झाली तरी शेतकऱ्याने सोडलेलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ती येते. कालव्याचं थेंबभर पाणी मागत नाही. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. सत्कार भरपूर झाले. पण या ज्वारीला त्या पाचांपैकी काय मिळालं? मालदांडीचा हमीभाव वेगळा जाहीर होतो, पण उसासारखं दारात येऊन नेणारं गिऱ्हाईक नाही. उपटणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आणि रेशनवर वर्षानुवर्षे आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. भाकरी खाणाऱ्या गावात सरकार बाहेरचा गहू वाटतं आणि गावची ज्वारी आडत्याच्या भावाची वाट बघत बसते, ही काय तऱ्हा म्हणायची?

कांद्याचं तर आपण सगळ्यांनी वाचलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात चेक पडला दोन रुपयांचा. कमी पाण्याचं पीक घ्या म्हणून उपदेश करणाऱ्यांनी तो चेक डोळ्यांसमोर ठेवावा.

मग जिल्ह्यात कोरडवाहू माणसासाठी काहीच झालं नाही का? झालं. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पक्का झाला. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती, १९७७ साली कायदा झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारावर, व्यावसायिकावर व्यवसाय कर बसवला. गावच्या मजुराच्या कामासाठी शहराने पैसे द्यायचे, ही गोष्ट तेव्हा महाराष्ट्राने करून दाखवली आणि २००५ साली देशाने तसा कायदा केला.

पुढे १९९० च्या सुमारास याच हमीला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणायची मजुरी मिळाली आणि बाग शेतकऱ्याच्या मालकीची झाली. सांगोल्याच्या माळरानावर बोर, डाळिंब उभं राहिलं. शेततळी झाली, ठिबक आलं. हे आमच्या मते जिल्ह्यातलं गरिबी हटवण्याचं सगळ्यात अस्सल काम. पण मग तेल्या आला. सोलापुरात २००५ साली डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, त्यांनी कामही केलं, तरी बागाच्या बागा काढाव्या लागल्या. उसाचा शेतकरी अडचणीत आला की कारखाना, बँक, सरकार सगळे हलतात. डाळिंबवाल्याने कुऱ्हाड घेतली तेव्हा तो एकटाच होता.

म्हणून आमची टीका उसावर नाही, शेतकऱ्यावर तर नाहीच. ती या वाटणीवर आहे. बागायतदाराची जोखीम सगळ्यांनी मिळून उचलायची आणि कोरडवाहूची ज्याची त्याने, अशी ही वाटणी. तिसरा माणूस तर हिशोबातच नाही. बीडकडून आणि आपल्याच कोरडवाहू गावांतून उसाच्या फडात येणारं जोडपं मुकादमाची उचल घेऊन सहा-सहा महिने पालात राहतं. गाळपाच्या आकड्यात त्यांचे कोयते मोजले जातात, त्यांची गरिबी मोजली जात नाही.

काही जण म्हणतील, आता टेंभू, म्हैसाळचं पाणी सांगोला-मंगळवेढ्याकडे येतंय, प्रश्न सुटेल. पाणी यायलाच हवं, त्यासाठी लोक किती वर्षं भांडलेत! पण ते कुठल्या नियमाने वाटायचं? पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा, की पाणी एकराला नाही, माणशी. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. तो नियम जशाचा तसा उजनीला लागेल असं आम्ही म्हणत नाही. पण उसाची बंदी पाळायला लोक तयार झाले, कारण पाण्याची खात्री आधी मिळाली, हे त्यातलं घेण्यासारखं आहे. निव्वळ बंदी सांगितली असती तर कुणी ऐकलं नसतं.

तेव्हा पुढच्या हंगामात कुणी गाळपाचा विक्रम सांगितला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. रेशनला आणि शाळेच्या आहाराला जिल्ह्याची ज्वारी किती घेतली? उन्हाळ्यात मागेल त्याला गावात काम मिळालं का? आणि नव्या उपसा योजनेच्या पाण्यात दोन एकरवाल्याचा वाटा आधी लिहून ठेवलाय का? तिसरा प्रश्न सगळ्यात घाईचा. एकदा ऊस उभा राहिला की पाण्याची वाटणी बदलत नाही, हे उजनीने आपल्याला चाळीस वर्षं शिकवलंय.

आम्ही इथे थांबतो. श्रोत्यांमध्ये ज्वारीवाले आहेत, ऊसवालेही आहेत. दोघांचंही ऐकायचंय.