‘आहे’ आणि ‘इज’ : प्राथमिक इंग्रजीच्या अध्यापनातील एक समीकरण

मुदखेड येथील एका प्राथमिक वर्गात बसण्याचा योग आला असता, एका मुलीने बाईंना सांगितले, ‘आय अ‍ॅम फीवर.’ वर्ग हसला. बाईंनी चूक सुधारली. परंतु ती कोठून आली याचा विचार झाला नाही. फळ्यावर मात्र आदल्या दिवशीचे सूत्र तसेच होते : ‘आहे म्हणजे अ‍ॅम, इज, आर.’ हे सूत्र प्रमाण मानल्यास ‘मला ताप आहे’ याचे त्या मुलीने केलेले रूपांतर सर्वस्वी नियमानुसारी होते, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. तत्पूर्वी ते पाचवीपासून होते. विषय खाली उतरला, पण त्यासोबत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने रूढ केलेली रीतही उतरली. ती रीत मराठी व्याकरण अवगत असलेल्या विद्यार्थ्याकरिता होती. सहा वर्षांच्या बालकास कर्ता कोणता हे कोण सांगणार?

आणि खरी अडचण कर्त्याचीच आहे. ‘ती शहाणी आहे’, ‘पुस्तक पिशवीत आहे’ येथे ‘इज’ चालते. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘मला ताप आहे’ येथे चालत नाही. मराठीत क्रियापद भावांशी, पेनाशी, तापाशी जुळते; ज्याचे ते आहे तो ‘मला’, ‘माझ्याजवळ’ अशा रूपाने बाजूस उभा असतो. इंग्रजी त्यालाच कर्त्याच्या आसनावर बसविते आणि ‘हॅव’ योजिते. ‘मला आंबा आवडतो’ याचीही तीच गत : मुलगी बोलत असली तरी क्रियापद ‘आवडतो’ असेच राहते, कारण ते आंब्याचे आहे. ‘पाऊस पडतो आहे’ येथे तर इंग्रजीस कर्ता म्हणून अर्थशून्य ‘इट’ आणावा लागतो. ते आसन रिकामे ठेवणे त्या भाषेस मानवत नाही. तेव्हा ‘कर्ता-कर्म-क्रियापद’ याचे ‘कर्ता-क्रियापद-कर्म’ करावे, हा आपला लाडका नियम जेथे कर्ताच बदलतो तेथे निरुपयोगी ठरतो.

पामर, हॉर्न्बी प्रभृतींच्या रचनापद्धतीने वाक्यांना क्रम दिला, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण समोर दिसणाऱ्या पुस्तकाविषयी ‘धिस इज अ बुक’ असे शंभरदा म्हणण्याची गरज कोणास असते? प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतात केलेल्या प्रयोगात वाक्यांच्या घोकंपट्टीऐवजी अर्थपूर्ण कृतीस स्थान दिले. तथापि शिक्षकाचे इंग्रजी प्रवाही असणे ही त्या मार्गाची पूर्वअट होय. ती येथे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

मातृभाषा वर्गाबाहेर ठेवावी, हे मत मला मान्य नाही. दखनीत ‘मेरेकू बुखार है’, तेलुगूत ‘नाकु ज्वरम् उंदि’. या परिसरातील भाषा घराणी भिन्न असूनही येथे एकाच वळणाच्या आहेत. वर्गातील अनेक मुलांची घरची बोली मराठी नाही, पण ही रचना त्यांच्याही घरची आहे. तुलना करावयाचीच तर शब्दाशी शब्दाची नको, ‘मला... आहे’ या अखंड साच्यासमोर ‘आय हॅव ...’ हा अखंड साचा ठेवावा.

तसे करून पाहिले. ‘तुला भाऊ किती?’ असे विचारताच तीच मुलगी म्हणाली, ‘आय हॅव टू ब्रदर.’ मराठीत ‘भाऊ’ एकवचनीही भाऊच आणि अनेकवचनीही भाऊच.