कृत्तिका ठीक पूर्वेला उगवतात का?

शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) पेशाने शिक्षक. आयुष्यभर त्यांनी आकाशाचा छंद जोपासला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात असताना, 1896 मध्ये, त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एकाच युक्तिवादाची येथे परीक्षा करू.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मण सांगते. हे प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे असे धरून दीक्षितांनी संपातचलनाचे गणित केले. काळ निघाला इ. स. पू. 3000 च्या सुमाराचा. केवळ पाठ केल्या जाणाऱ्या वाक्याचे त्यांनी उदाहरण करून सोडवले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

पण उत्तर मूळ निरीक्षणापेक्षा अधिक नेमके असू शकत नाही. पूर्व ठरवताना एका अंशाची चूक झाली, तरी काळ सुमारे दीडशे वर्षांनी सरकतो. शिवाय वाक्य जुन्या आठवणीचे असेल, तर ग्रंथ त्यानंतरचा ठरतो. पुढील अभ्यासकांनी असे आक्षेप घेतले आहेत. आम्हालाही ते रास्त वाटतात.

पडताळा कुठेही घेता येतो. समजा, आपली शाळा शिर्डीत आहे. ऑक्टोबरअखेरीस संध्याकाळी सातनंतर गावातील दिव्यांपासून दूर, मोकळ्या शेतात मुलांना न्यावे. होकायंत्राने पूर्व ठरवावी. कृत्तिका तेथून सुमारे 26 अंश उत्तरेला, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींवर, उगवताना दिसतील.

दीक्षितांचा निष्कर्ष मान्य करा वा नका करू. त्यांची रीत मात्र वर्गात जरूर न्यावी.