बहुमताची निर्मिती आणि दुसऱ्या क्रमांकाचे महत्त्व : लुइझियाना राज्यातील खुल्या प्राथमिक निवडणुकीचे परीक्षण

१

निवडणूकपद्धतींच्या चर्चेत एक गृहीत वारंवार आढळते. ते असे की, सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास विजयी ठरविण्याच्या रीतीत बहुसंख्य मतदारांना नको असलेला उमेदवारही निवडून येऊ शकतो. यास्तव जेथे कोणासही निम्म्याहून अधिक मते मिळत नाहीत, तेथे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यावे, म्हणजे हा दोष नाहीसा होईल. आपल्या संविधानाच्या कार्याची समीक्षा करणाऱ्या आयोगानेही २००२ सालच्या अहवालात या उपायाचा परामर्श घेतला होता. तेव्हा हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ परदेशीय कुतूहलाचा नाही.

या गृहीताची कसोटी पाहण्यास अमेरिकेतील लुइझियाना या दक्षिणेकडील घटकराज्याइतके उपयुक्त क्षेत्र क्वचितच सापडेल. तेथे १९७५ सालापासून गव्हर्नर व राज्य विधिमंडळ यांच्या निवडणुका या पद्धतीने होत आल्या आहेत. (तेथील गव्हर्नर हा लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, आपल्या राज्यपालाशी त्याची गल्लत करू नये.) या अनुभवाचे जे मूल्यमापन सामान्यतः केले जाते, ते अंतिम फेरीच्या आकड्यांवर बेतलेले असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही दृष्टी मुळातच चुकीच्या ठिकाणी खिळलेली आहे. या पद्धतीतील खरा निर्णय अंतिम फेरीत होत नाही. तो पहिल्या फेरीत दुसरा कोण आणि तिसरा कोण, या ठिकाणी होतो.

२

प्रथम पद्धतीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. ‘खुली प्राथमिक निवडणूक’ या नावाने घोटाळा होण्याचा संभव आहे. काटेकोर अर्थाने खुली प्राथमिक निवडणूक म्हणजे पक्षाने आपला उमेदवार ठरविण्यासाठी घेतलेली अशी निवडणूक की, जीत त्या पक्षाकडे नोंदणी नसलेल्या मतदारासही भाग घेता येतो. लुइझियानात असे काही होत नाही. तेथे सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात व सर्व मतदार त्यांतून एकास मत देतात. कोणास निम्म्याहून अधिक मते मिळाली तर निवडणूक तेथेच संपते. तसे न झाल्यास पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, निर्णायक फेरीत समोरासमोर येतात. म्हणजे येथे ‘प्राथमिक’ असे काही उरतच नाही. पहिली फेरी हीच मुख्य निवडणूक होय, आणि पक्षाने उमेदवार नेमण्याची अवस्था तीतून वगळली गेली आहे.

कॅलिफोर्नियात २०१२ पासून व वॉशिंग्टन राज्यात २००८ पासून जी पद्धत चालू आहे, ती हिच्या जवळची असली तरी एका बाबतीत भिन्न आहे. तेथे पहिल्या फेरीत कोणास कितीही मते मिळोत, पहिले दोघे नोव्हेंबरच्या मतदानास सामोरे जातातच. लुइझियानाच्या रचनेत मात्र पहिली फेरी निर्णायक ठरण्याची शक्यता नेहमीच असते.

३

या कायद्याच्या उगमाचा इतिहास बोधप्रद आहे. वंशीय वर्चस्वाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिस्पर्धीच नव्हता. त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजे पद जिंकणे. म्हणूनच कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याचे डावपेचही प्राथमिक निवडणुकीवरच केंद्रित झाले होते. प्राथमिक निवडणूक हा निवडणुकीचाच अविभाज्य भाग ठरू शकतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली मान्य केले, तेही लुइझियानातूनच उद्भवलेल्या एका खटल्यात. केवळ गोऱ्यांसाठी असलेली प्राथमिक निवडणूक त्याच न्यायालयाने १९४४ साली टेक्सासमधील खटल्यात अवैध ठरविली. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने नोंदले गेले आणि त्याच सुमारास रिपब्लिकन पक्षही दक्षिणेत मूळ धरू लागला.

या संधिकाळात एडविन एडवर्ड्‌स यांचा उदय झाला. १९७१ च्या अखेरीस त्यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन फेऱ्या लढवाव्या लागल्या. दुसऱ्या फेरीत बेनेट जॉन्स्टन यांच्यावर त्यांनी मिळविलेले मताधिक्य पाच हजारांहूनही कमी होते. त्यानंतर फेब्रुवारी १९७२ मध्ये ताज्या दमाचे रिपब्लिकन उमेदवार डेव्हिड ट्रीन यांच्याशी तिसरी लढत द्यावी लागली. एका बाजूस तीन निवडणुकांचा खर्च व शीण, तर दुसऱ्या बाजूस जवळजवळ एकाच निवडणुकीचा! गव्हर्नर झाल्यावर एडवर्ड्‌स यांनी हा विषम भार नाहीसा करणारा कायदा करवून घेतला. तात्पर्य, या पद्धतीचा जन्म बहुमताच्या तत्त्वनिष्ठेतून झाला नाही. तो सत्तारूढ पक्षाच्या व्यावहारिक सोयीतून झाला. एवढ्यावरून ती त्याज्य ठरते असे नव्हे. निवडणुकीच्या बहुतेक नियमांची कुळकथा अशीच असते. परंतु तत्त्वाचा मुलामा नंतर चढविला गेला, हे ध्यानात ठेवणे अभ्यासकास आवश्यक आहे.

४

आता चार निवडणुकांचा क्रमाने विचार करू.

१९७९ साली पहिल्या फेरीत ट्रीन पहिले आले. त्यांच्यामागे पाच प्रमुख डेमोक्रॅटिक उमेदवारांत मते विभागली गेली. त्यांपैकी लुइस लॅम्बर्ट यांनी जेम्स फिट्झमॉरिस यांस अडीच हजारांच्या आसपास मतांनी मागे टाकून दुसरे स्थान मिळविले. त्यावरून कटुता माजली आणि पराभूत झालेल्या चारही प्रमुख डेमोक्रॅटांनी निर्णायक फेरीत रिपब्लिकन ट्रीन यांस पाठिंबा दिला. तेरा लाखांहून अधिक मतदानात दहा हजारांहूनही कमी मताधिक्याने ट्रीन विजयी झाले, आणि यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर प्रथमच रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर लुइझियानात अधिकारावर आला. डेमोक्रॅटांच्या सोयीसाठी केलेल्या कायद्याने चार वर्षांतच प्रतिपक्षास गादीवर बसविले, हा विरोधाभास प्रसिद्धच आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांतील त्या अल्प अंतराने सगळ्या लढतीचे रूप ठरले. फिट्झमॉरिस दुसरे आले असते तर ट्रीन निवडून आले असते काय, हा प्रश्न अंतिम फेरीचे आकडे विचारूही देत नाहीत.

१९८७ सालचे उदाहरण अधिक विलक्षण आहे. बडी रोमर यांना सुमारे ३३ टक्के व एडवर्ड्‌स यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. एडवर्ड्‌स यांनी त्याच रात्री माघार घेतली. परिणामी दुसरी फेरी झालीच नाही आणि एकतृतीयांश मतांच्या आधारावर रोमर गव्हर्नर झाले. ज्या पद्धतीचे सर्व समर्थन बहुमताच्या हमीवर उभे आहे, तिच्यात ती हमी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या मर्जीवर अवलंबून राहिली! रोमर यांच्या कारकिर्दीस हे बहुमताचे पाठबळ अखेरपर्यंत लाभले नाही.

याची फलश्रुती १९९१ साली दिसली. रोमर आता रिपब्लिकन झाले होते. पहिल्या फेरीत एडवर्ड्‌स यांस सुमारे ३४, डेव्हिड ड्यूक यांस सुमारे ३२ आणि रोमर यांस सुमारे २७ टक्के मते पडली. ड्यूक हे कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेच्या एका शाखेचे पूर्वीचे प्रमुख. एडवर्ड्‌स यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप दीर्घकाळ होत आले होते. पुढे २००० साली ते न्यायालयात दोषीही ठरले. मतदारांपुढे हे दोन पर्याय उरले, आणि विद्यमान गव्हर्नर मात्र बाहेर पडला. निर्णायक फेरीत एडवर्ड्‌स सुमारे ६१ टक्क्यांनी विजयी झाले. लबाडास मत द्या, कारण प्रसंग महत्त्वाचा आहे, अशा आशयाच्या चिठ्ठ्या लोकांनी आपल्या मोटारींवर चिकटविल्या होत्या.

या ६१ टक्क्यांचा अर्थ काय लावावा? कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ साली मांडलेला निकष येथे उपयोगी पडतो : जो उमेदवार इतर प्रत्येकाशी एकेकट्याच्या लढतीत जिंकेल, तोच बहुमताचा खरा मानकरी. ड्यूक यांच्या विरोधकांस रोमर सहज चालले असते. एडवर्ड्‌स यांच्या विरोधकांसही रोमर अधिक मानवले असते. या निकषाने पाहता तिसरा आलेला उमेदवार हाच बहुतांशी स्वीकारार्ह होता, असे अनुमान करण्यास सबळ आधार आहे. म्हणजे ६१ टक्क्यांचे ते बहुमत एडवर्ड्‌स यांच्या बाजूचे नव्हते. ते ड्यूक यांच्या विरुद्धचे होते. जनतेने बहुमत व्यक्त केले खरे, पण प्रश्न पहिल्या फेरीने आधीच ठरवून ठेवला होता.

तथापि येथे एकांगी निर्णय देणे अन्यायाचे होईल. त्या दुसऱ्या फेरीत मतदान पहिल्या फेरीपेक्षा वाढले. मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ड्यूक यांस मत दिले होते; त्यांचा पराभव झाला तो कृष्णवर्णीय मतदारांच्या जवळजवळ एकजुटीच्या व भरघोस मतदानामुळे, आणि त्यांच्या जोडीस आलेल्या उरलेल्या गोऱ्या मतदारांमुळे. ज्या समाजास दोन पिढ्यांपूर्वी प्राथमिक निवडणुकीच्या दाराबाहेर उभे केले जात होते, त्याचे मत या वेळी निर्णायक ठरले. केवळ सापेक्ष बहुमताची रीत असती आणि एडवर्ड्‌सविरोधी मते थोडी अधिक एकवटली असती, तर ड्यूक प्रथम क्रमांकाने थेट अधिकारावर येण्याचा धोका होता. अर्थात दुसरी फेरी उत्तम उमेदवारास निवडून आणीलच असे नाही. पण सर्वांत असह्य उमेदवारास रोखण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. फ्रान्समध्ये २००२ साली झोस्पँ तिसरे पडले व शिराक यांनी ल पेन यांचा ८२ टक्के मतांनी पराभव केला, तेव्हा याच गुणदोषांचे प्रत्यंतर आले.

२००३ सालच्या निवडणुकीत भारतीय वंशाचे बॉबी जिंदाल सुमारे ३३ टक्के मतांनी पहिले आले. अवघ्या १८ टक्के मतांनी दुसऱ्या आलेल्या कॅथलीन ब्लँको यांनी निर्णायक फेरीत सुमारे ५२ टक्के मते घेऊन त्यांचा पराभव केला. येथे पद्धतीने आपले काम नीट केले असे म्हणता येईल. पण त्याचेही कारण हेच की, या वेळी दुसऱ्या स्थानावर व्यापक संमती मिळवू शकणारी व्यक्ती येऊन बसली होती.

५

या पद्धतीचे आणखी दोन गुण सांगितले जातात : ती मतदारास पक्षाच्या जोखडातून मुक्त करते आणि मध्यममार्गी उमेदवारांस उत्तेजन देते. दुसऱ्या गुणाचा पडताळा १९९१ च्या निकालाने पाहिलाच. दोन टोकांमध्ये मध्य चिरडला गेला. पहिल्या गुणाची किंमत पक्षांस द्यावी लागते. १९९१ साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने क्लाइड हॉलोवे यांस पुरस्कृत केले होते; तरी मतपत्रिकेवर पक्षाचे नाव ड्यूक यांनाही लावता आले, आणि त्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांस त्यांचा जाहीर धिक्कार करावा लागला. आपला उमेदवार कोण हे ठरविण्याचा पक्षांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कॅलिफोर्नियाच्या खटल्यात उचलून धरला. २००८ साली मात्र वॉशिंग्टनची पद्धत त्याने तत्त्वतः ग्राह्य मानली, कारण तेथील मतपत्रिका उमेदवाराची केवळ पक्षविषयक पसंती सांगते. पक्षाचे नाव व पक्षाची संमती यांतील हा भेद मतदाराच्या मनात कितपत टिकतो, ही शंका उरतेच.

फाटाफुटीचा दोषही या पद्धतीने जात नाही. तो केवळ एक पायरी खाली सरकतो. कॅलिफोर्नियात २०१२ साली ३१ व्या काँग्रेस मतदारसंघात डेमोक्रॅटिक मतदारांचे पारडे जड असूनही त्यांच्या चार उमेदवारांत मते विभागली आणि निर्णायक फेरीत दोन रिपब्लिकनच उरले. शिवाय पहिल्याच फेरीतील बहुमतही किती मतदारांचे, हा प्रश्न आहेच. २०२३ साली जेफ लँड्री सुमारे ५२ टक्के मतांनी पहिल्याच फेरीत गव्हर्नर झाले, परंतु नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे ३६ टक्क्यांनीच मतदान केले होते. एकूण मतदारांच्या मानाने हे बहुमत एकपंचमांशाहूनही कमी भरते. त्यांच्याच कारकिर्दीत २०२४ साली काँग्रेससह काही पदांसाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांकडे परतण्याचा कायदा झाला. गव्हर्नर व विधिमंडळ यांना मात्र तो लागू केलेला नाही.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. दुहेरी फेरीची पद्धत बहुमत शोधून काढत नाही. दोनच पर्याय ठेवून ती ते घडविते. म्हणून तिचे परीक्षण ‘विजयी उमेदवारास किती टक्के मते पडली’ या प्रश्नाने करू नये. ‘तिसरा कोण होता, किती मतांनी मागे पडला आणि दुसऱ्या पसंतीस तो किती जणांस चालला असता’ हे प्रश्न विचारले पाहिजेत.

या प्रश्नांचे उत्तर देऊ पाहणारी एक रीत आपल्या परिचयाची आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आणि विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदार पसंतिक्रम लिहितो. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी यांची निवड पुढील पसंतीची मते मोजूनच झाली, त्यासाठी दुसरे मतदान घ्यावे लागले नाही. अलास्का राज्याने २०२० साली स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलात आणलेल्या पद्धतीत खुल्या पहिल्या फेरीतून दोघांऐवजी चौघांस पुढे नेऊन त्यांच्यात पसंतिक्रमाने निवड होते. पसंतिक्रमाच्या पद्धतीही निर्दोष नाहीत. मोजणीतून कोण केव्हा बाद होतो यावर त्यांतही बरेच अवलंबून असते. परंतु तिसऱ्या उमेदवाराचे दार त्या लगेच बंद करीत नाहीत. आपल्याकडे दुहेरी फेरीचा पुरस्कार करणाऱ्यांनी लुइझियानाच्या अर्धशतकाच्या अनुभवातून एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले. एका राज्यातील सुमारे तीस लाख नव्हे, तर साऱ्या देशातील कोट्यवधी मतदारांस पुन्हा मतदान केंद्रावर आणावयाचे असेल, तर त्यांच्यापुढे कोणते दोन पर्याय उरणार आहेत, हे आधी सांगता आले पाहिजे.